निळी खळ

थंडीच्या सुट्टीत मुलांना आत्या दरवर्षीच हवीशी वाटायची, पण यंदा त्यांचं प्रेम नुसतं उतू चाललं होतं. एरवी घरात कुणाच्या मनात काय शिजतंय हे वासावरून ओळखणाऱ्या या आत्याला, म्हणजे घरातल्या ताईला, त्यात काही काळंबेरं दिसलं नाही. दिसावं तरी कसं? ती हरखून गेली होती. सकाळी तिने चहाचा कप खाली ठेवला न ठेवला तोच तिघं तिला ओढत माडीवरच्या खोलीत न्यायची आणि दिवेलागणीपर्यंत सोडायची नाहीत.

तिघांची म्होरकी दादाची थोरली लेक. तिला घरात पुढारीण म्हणत, कारण ती बोलायला लागली की समोरच्याला आपणच तिसरीत आहोत असं वाटायचं. तिचा पाठचा भाऊ भोंगा. हळू बोलणं म्हणून काही असतं हे त्याला जन्मल्यापासून कुणी पटवू शकलं नव्हतं. आणि धाकट्या भावाची, म्हणजे डॉक्टरची मुलगी शेपूट. तिला स्वतःचं मत अजून फुटायचं होतं. ही दोघं जिथे जातील तिथे ती मागे.

बाहेर थंडी अशी की अंगणात टाकलेलं पाणी सकाळी टणक झालेलं असायचं. मुलांना घराबाहेर सोडायची सोय नव्हती. म्हणून मग माडीवर उद्योग चालले होते. जुन्या मोज्यांच्या बाहुल्या झाल्या, लोकरीचे गोंडे झाले, उघडलं की आतून झाड उभं राहील अशी भेटकार्डं झाली. आता पुठ्ठ्याचं गाव चाललं होतं. घरांना खिडक्या कापायच्या, खिडक्यांना मागून पातळ कागद लावायचा आणि अंधार करून आत विजेरी ठेवायची. गावात शाळा होती, बाजार होता, आणि भोंग्याच्या हट्टामुळे एक तुरुंगही होता. तुरुंगात कोण आहे हे तो कुणाला सांगत नव्हता.

पुठ्ठा, कागद, कापडाच्या पट्ट्या, दोरा, सगळं ताईच्या कारखान्यातलं. कारखाना म्हणायचं ते आपलं घरातल्या घरात. अंगणापलीकडे एक लांबट खोली, तीत बाइंडिंगचं सामान. पण वडील तिला कारखाना म्हणायचे म्हणून सगळेच म्हणत. वडील गेल्यावर तो ताईने चालवला. दादा विम्याच्या कचेरीत चिकटला, धाकटा दातांचा डॉक्टर झाला, आणि त्याची फी जिथून गेली ती खोली ही. ताईने ते कधी बोलून दाखवलं नाही. तिला बोलून दाखवण्याची गरज वाटली नव्हती, हीच तिची चूक, असं वहिनी एकदा म्हणाली होती, आणि तेव्हा ती ताईच्या बाजूची होती.

मागच्या पावसाळ्यापासून मात्र काम आटलं. वाचनालयातून पुस्तकांची पोती यायची बंद झाली. शाळांनी पाठ फिरवली. सुटी गिऱ्हाइकं एकेक करत नाहीशी झाली. ताई दिवसभर कारखान्यात बसून सुऱ्यांना धार लावायची, लावलेली पुन्हा लावायची. धाकट्याने तिची समजूत काढली. "ताई, जग बदललं. पुस्तकं बांधून घेतं कोण आता? तुझं काही चुकलेलं नाही." त्याने तिला नवा चष्मासुद्धा करून दिला. ताईला भावाचं फार कौतुक वाटलं. आपण म्हातारे झालो, आपलं काम म्हातारं झालं, असं म्हणून तिने गुपचूप रडून घेतलं आणि पुन्हा सुऱ्यांकडे वळली. सध्या हातात काम होतं ते एकच. पलीकडच्या गल्लीतल्या गाण्याच्या मास्तरांची काही जाडजूड पुस्तकं. काल त्यांना पाठीला कापड चढवून, पुठ्ठे चिकटवून तिने शिकंज्यात, म्हणजे लोखंडी दाबयंत्रात, दाबून ठेवली होती. आज दुपारी उलटी करून पुन्हा दाबायची होती.

"आत्या, मला दाभण पाहिजे. तुरुंगाला गज बसवायचेत," भोंगा गरजला.

"आणते. मला तसंही खाली जायचंच आहे, मास्तरांची पुस्तकं बघायचीत." ताईने मांडीवरचे पुठ्ठ्याचे तुकडे झटकले.

"तू बस, मी आणते," पुढारीण म्हणाली.

या सुट्टीत हे वाक्य ताईने इतक्यांदा ऐकलं होतं की तिला त्याची सवय झाली होती. पुठ्ठा हवा, तू बस, मी आणते. दोरा हवा, तू बस. एवढीशी पोर, पण आत्याचे गुडघे दुखतात हे बरोबर ओळखते, म्हणून ताईने शेजारणीपाशी तिची तारीफही केली होती.

"अगं, दाभण तुला सापडायचं नाही. आणि पुस्तकं तुला उलटी करता येणार आहेत का?"

"आत्या, पण माझं घर पडतंय!"

"पडू दे. आल्यावर उभं करू."

ताई उठली. खालून अंगणाच्या बाजूने काहीतरी जड ओढल्यासारखा आवाज आला. "शेजारी काम चाललंय," पुढारीण घाईघाईने म्हणाली. कुणी विचारलं नव्हतं. ताई दारापर्यंत पोचली तसं पुढारणीने भावाला कोपराने ढोसलं.

"आत्या, मी खळ खाल्ली!" भोंगा ओरडला.

"बरं केलंस. मैद्याचीच आहे. पाणी पी वर."

ताईचा पाय उंबऱ्याबाहेर पडला. भोंग्याने बहिणीकडे बघितलं. बहिणीने डोळे मोठे केले.

"ती नाही! निळी! मी निळी खाल्ली!"

ताई होती तिथेच थिजली. खोलीत दोन भांडी होती. टेबलावरचं मुलांचं, त्यात साधी पांढरी खळ. आणि कपाटाच्या माथ्यावर कारखान्याचं. कारखान्यात थंडीने खळ गोठून जायची म्हणून तिने ते इथे आणून ठेवलं होतं. त्या खळीत मोरचूद घातलेला असतो. पुस्तकांना कसर लागू नये म्हणून वडील घालायचे, तीही घालायची. त्याची निळसर झाक दिसते म्हणून निळी. पहिल्याच दिवशी तिघांना ओळीत उभं करून तिने बजावलं होतं, की त्या भांड्याला बोट लावायचं नाही, ते विष आहे, पोटात गेलं तर आतडी सोलून निघतील.

पुढचं काही तिला नीट आठवणार नव्हतं. तिने पोराला उचललं, पालथं केलं, सरळ केलं, त्याचे जबडे दाबून तोंड उघडलं, घशात बोट घालायला गेली. ओठ निळे आहेत की पांढरे तेही तिला दिसेना. "किती? किती खाल्लीस? बोल ना रे!" असं ती ओरडत होती, आणि भोंग्याचा भोंगा खरोखरीचा वाजायला लागला होता. शेपूट कुणीही न सांगता रडायला लागली. ताई त्याला खांद्यावर टाकून जिना उतरली ती कशी उतरली देवालाच ठाऊक. गुडघे दुखतात हे त्या वेळी गुडघ्यांनाही आठवलं नाही.

खाली समोरच्या खोलीत सगळे होते. रविवार होता. आई शेगडीजवळच्या खुर्चीत, दादा आणि वहिनी कोचावर, धाकटी, म्हणजे डॉक्टरची बायको, इस्त्रीच्या टेबलापाशी.

"ह्याने निळी खळ खाल्ली! गाडी काढा! बघत काय बसलात? गाडी काढा कुणीतरी!"

वहिनीच्या हातातला कप फुटला. दादा उठला, किल्ली शोधायला लागला आणि किल्ली हातातच होती. धाकटी औषधांच्या दुकानात काम करणारी. ती धावली. तिने पोराला ताईच्या हातातून घेतलं, उजेडात धरलं, जीभ बाहेर काढायला लावली, तोंडाचा वास घेतला, नखं बघितली.

"पोटात आग होतेय का रे?"

"नाही."

"मळमळतंय?"

"नाही." आणि मग त्या पोराचा धीर सुटला. "मी नाही खाल्ली! मी काहीच नाही खाल्लं! पुढारणीनं ढोसलं मला म्हणून मी बोललो. आत्या कारखान्याकडे निघाली तर काहीतरी कर, पण तिला जाऊ देऊ नको, असं आईनंच सांगितलंय!"

भोंगा एकदम दचकला. आपण नक्की काय फोडलं हे त्याला मोठ्यांच्या चेहऱ्यांवरून कळत होतं.

ताईचा जीव आधी भांड्यात पडला. पोर धडधाकट आहे, एवढंच आधी तिच्या डोक्यात शिरलं, आणि तिने भिंतीला टेकून डोळे मिटले. मग बाकीचं एकेक शब्द करून आत शिरलं.

"काय म्हणाला हा?" तिने डोळे उघडले. "वहिनी, काय म्हणाला हा?"

"लहान आहे तो, वन्सं. काहीही बरळतो."

"मी नाही बरळत!" भोंगा उखडला. "तूच म्हणालीस, आत्याला गुंतवून ठेवलंत तर सुट्टीनंतर सायकल!"

"पुढारणी, तू सांग."

पुढारीण जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभी होती. आयुष्यात पहिल्यांदाच तिला बोलायला काही सुचत नव्हतं. शेवटी ती म्हणाली, "आत्या, मला आधी माहीत नव्हतं की तुला माहीत नाहीये."

"म्हणजे मी मुलांना रमवतेय असं मला वाटत होतं," ताई म्हणाली. तिचा आवाज अजून खालीच होता. "आणि मुलं मला रमवत होती. त्यांना कामाला लावलं होतं तुम्ही. माझ्यावर पाळत ठेवायला. आणि कशासाठी? कारखान्यात आहे काय एवढं?"

दादाने घसा साफ केला. दादा घसा साफ करायला लागला की समजावं, आता तो दुसऱ्याने ठरवलेलं काहीतरी स्वतःचं म्हणून सांगणार.

"त्याचं असं आहे," तो म्हणाला. "सुट्टी संपली की तुला नीट बसवून सांगणारच होतो आम्ही. धाकट्याला दवाखान्यासाठी जागा हवी. तिकडची जागा आता सोडावी लागतेय. कारखाना तसा पडूनच आहे..."

"पडून?"

"म्हणजे काम नाही ना आता. मग सुतार येऊन मापं घेऊन गेला तर बरं, असं ठरलं. तू असतीस तर तुला त्रास झाला असता. उगीच."

"आणि मी? मला कुठे ठेवणार होतात? जिन्याखाली?"

"अहो वन्सं, असं काय बोलता?" वहिनी सरसावली. तिच्या अंगात आता बळ आलं होतं, कारण पोर ठीक होतं आणि आपली बाजू अजून भक्कम आहे असं तिला वाटत होतं. "तुमचा विचार आधी केला आम्ही. मुलांना तुमचा किती लळा आहे! शाळा सुटली की तिघंही तुमच्यापाशी असतील. हे कागदाचं, लोकरीचं तुम्ही इतकं छान करून घेता. आम्ही दोघी कामावर, आम्हालाही घोर नाही. आणि तुमचाही वेळ जाईल."

"माझा वेळ जात नाही, अशी तक्रार घेऊन मी कुणाच्या दारात आले होते?"

वहिनी वाकून फुटलेल्या कपाचे तुकडे गोळा करायला लागली.

"ही सुट्टी म्हणजे माझी परीक्षा होती तर. बाई चालतेय का, पोरं सांभाळतेय का. पास झाले का मी, वहिनी? की अजून मोज्यांच्या बाहुल्या करून दाखवू?" आता तिचा आवाज चढला, आणि चढला तो चढतच गेला. "आणि तेवढ्यासाठी या पोराला तुम्ही खोटं बोलायला शिकवलंत? विष खाल्लं म्हणून सांगायला? उद्या खरंच खाल्लं आणि ओरडला, तर मी काय करू? ढोंग करतोय म्हणून पुठ्ठे कापत बसू?"

"विषाचं मी नव्हतं सांगितलं हो," वहिनी पुटपुटली, आणि पहिल्यांदाच तिने पोराला जवळ ओढून घेतलं. "काहीतरी कर म्हणाले होते. पोटात दुखतंय वगैरे म्हण."

"वा! मग ठीकच आहे!"

"तिला बोलू नकोस," शेगडीजवळून आई म्हणाली. "मुलांचं मी सुचवलं."

ताई वळली. आईकडे तिने अजून बघितलंच नव्हतं. भाऊ, भावजया, ते समजू शकत होतं. त्यांना जागा हवी होती, सोय हवी होती. पण आईचा चहा, आईच्या गोळ्या, आईच्या पाठीला लावायचं तेल, हे सगळं कारखान्यातून दिवसातून कितीदा तरी अंगण ओलांडून तीच तर करत होती.

"तू?"

"मुलं असली की तुला भान राहत नाही, हे मला ठाऊक होतं. म्हणून म्हटलं." आई तिच्याकडे न बघता शेगडीतले निखारे सारत होती. "तू दिवसभर तिकडे. ही सगळी आपापल्या कामावर. मी इथे भिंतींशी बोलते. खोली गेली तर तू घरात राहशील, असं वाटलं मला. खोटं कशाला बोलू?"

ताईच्या डोक्यात तिडीक गेली होती, आणि त्याच वेळी रडूही येत होतं. दोन्ही एकदम येणं फार वाईट. माणसाला धड भांडताही येत नाही.

"हाक मारायचीस ना मला," ती म्हणाली. "आई, नुसती एक हाक मारायचीस. तुझ्या हाकेला मी कधी आले नाही?"

आईने निखारे सारायचे थांबवले.

अंगणातून पुन्हा तो जड ओढल्याचा आवाज आला. शिकंजा! ताईला एकदम आठवलं, आणि ती कुणाकडे न बघता मागच्या दाराने बाहेर पडली. पायात चप्पल घालायचंही तिला सुचलं नाही. पाठोपाठ सगळं घर. आईसुद्धा उठली, धाकटीच्या आधाराने.

कारखान्याचं दार सताड उघडं होतं. आत डॉक्टर दोन्ही हात खिशात घालून उभा होता आणि सुतार भिंतीला फीत लावत होता. लोखंडी शिकंजा जागचा हलवून कोपऱ्यात तिरका ढकलला होता. त्यातली मास्तरांची पुस्तकं काढून खिडकीत ठेवली होती, थंडीत, ओली, दाबाशिवाय. पुठ्ठे बाहेरच्या बाजूला वळले होते. ताईने एक उचललं. ते मिटेना.

"ताई? तू खाली कशी आलीस?" डॉक्टर म्हणाला, आणि दारात उभ्या बाकीच्यांकडे बघून त्याने जीभ चावली.

"ही पुस्तकं कुणी काढली?"

"अगं, यंत्र सरकवायचं होतं. पुस्तकं काय, परत ठेवू."

"परत ठेवू! ही तुझी दातांची कवळी आहे, काढली की घातली? सगळं सोडवून पुन्हा पहिल्यापासून करावं लागेल मला. म्हाताऱ्या माणसाने विश्वासाने दिली होती."

सुतार हातातली फीत तशीच धरून ताईकडे बघत होता. प्रौढ माणूस, कानामागे पेन्सिल. घरच्या भांडणात सापडलेला परका माणूस जसा कुठे बघावं ते न कळून अवघडतो, तसा तो अवघडला होता. पण त्याहून वेगळंही काही त्याच्या चेहऱ्यावर होतं.

"बाई," तो म्हणाला, "तुम्ही काम करता अजून?"

"करते म्हणजे? दिसत नाही का?"

"नाही, तसं नाही. माझ्या पोरीची परीक्षेची पुस्तकं, सुटी सुटी झालेली, ती घेऊन मी पावसाळ्यात आलो होतो. पुढच्या दाराची घंटा वाजवली. तर या साहेबांनी सांगितलं की बाईंनी काम सोडलं, त्यांना आता डोळ्यांनी दिसत नाही. म्हणून मी परत गेलो."

डॉक्टरने झटकन खिडकीकडे तोंड फिरवलं. सुताराला वाटलं आपलं काही चुकलं, म्हणून तो खुलासा करू लागला. "वाचनालयात पण तेच म्हणाले. तिथे कपाटं केली मी. पुस्तकं ढिगाने पडली होती. म्हटलं, बांधायला देत नाही का? तर म्हणाले, फोन केला होता, बाइंडिंगवाल्या बाई थकल्या असं त्यांच्या घरून सांगितलं."

फोन. कारखान्याच्या पाटीवर नंबर डॉक्टरचा होता. जुनी पाटी खराब झाली म्हणून मागच्या वर्षी त्यानेच हौसेने नवी रंगवून घेतली होती. 'तुला अंगणापलीकडे फोन ऐकू येत नाही, मी घेत जाईन निरोप,' असं म्हणून. ताईने तेव्हा त्याला जवळ घेऊन त्याच्या डोक्यावरून हात फिरवला होता.

ती शिकंज्याच्या कडेला टेकली. पावसाळ्यापासूनचे सगळे दिवस तिच्या अंगावर एकदम आले. धार लावलेल्या सुऱ्या. दाराकडे लागलेले कान. आपली गरज कुणालाच उरली नाही असं स्वतःला समजावत झोपणं आणि तेच घेऊन उठणं. जग बदललं नव्हतं. जग येत होतं, दाराची घंटा वाजवत होतं, आणि हा त्याला दारातून परत पाठवत होता. मग आत येऊन तिच्या पाठीवर हात ठेवत होता.

"हे खरं आहे?" विचारलं ते धाकटीने. नवऱ्याला. "मला तू सांगितलंस, काम आपोआप बंद पडलं. मी तेवढ्यावर हो म्हटलं होतं."

"अगं, एवीतेवी बंदच पडणार होतं. मी फक्त..." डॉक्टरने दादाकडे बघितलं. "दादा, तूच सांग ना."

दादाने या वेळी घसा साफ केला नाही. "मला यातलं काही माहीत नव्हतं," तो म्हणाला आणि एक पाऊल मागे सरला. दादाने आयुष्यात घेतलेली बहुतेक पावलं मागेच होती, पण हे एक ताईच्या बाजूला पडलं. "खोलीचं मला मान्य होतं. हे नाही. हे हलकटपणाचं आहे रे."

"तुमच्या सगळ्यांसाठीच केलं मी! ताईच्या भल्यासाठी केलं. किती दिवस ही खळीत हात घालणार? गुडघे बघा तिचे, डोळे बघा!"

"माझे डोळे!" ताई उठली. इतका वेळ आत कोंडलेला संताप आता तिला शब्दांत धरता येईना, आणि तिने धरायचा प्रयत्नही केला नाही. "माझ्या याच डोळ्यांनी तुझी कॉलेजं झाली. माझे डोळे गेले म्हणून गावभर सांगितलंस आणि वर मला चष्मा आणून दिलास? लाज नाही वाटली तुला? मला भांडायचं होतं तर समोर येऊन भांडायचं. खोली मागायची होती तर मागायची. मी कदाचित दिलीही असती. अर्धी तरी दिली असती, मूर्खा! पण तू माझं काम मेलं असं सांगितलंस, आणि मी त्याचं सुतक धरून बसले, आणि तू शेजारी बसून माझं सांत्वन करत होतास!"

शेपूट धाकटीच्या मागे लपली. आपल्या बाबांना कुणी असं बोलू शकतं हे तिला नवीन होतं.

डॉक्टरच्या तोंडचा रंग उडाला होता. "बरं, चुकलं माझं," तो म्हणाला. "काय करू आता? माफी मागू? मागतो. सुताराला परत पाठवतो. झालं?"

"नाही झालं," दारातून आई म्हणाली. तिला बोलताना धाप लागत होती. "काय करायचं ते ती सांगेल. तू ऐकायचं."

ताईने आईकडे बघितलं. आईच्या पायातही चप्पल नव्हती. थंड फरशीवर म्हातारी उभी होती, एका हाताने चौकट धरून. ताईने कापडाचा एक गठ्ठा तिच्या पायांखाली सरकवला. मग ती भावाकडे वळली.

"मास्तरांकडे जायचं, पुस्तकं मी बिघडवली म्हणून सांगायचं," ती म्हणाली. "वाचनालय आज बंद असेल, पण तिथले लोक त्याच्या समोरच राहतात, घरी जाऊन भेटायचं. ज्या शाळेचा निरोप दाबलास तिथे सुट्टीतही राहणाऱ्या शिपायाकडे जायचं. ज्यांना ज्यांना दारातून परत पाठवलंस, त्यांच्या दारात जायचं. आणि सांगायचं, माझ्या बहिणीला नीट दिसतं, ती थकलेली नाही, मी खोटं बोललो."

"फोन करतो ना सगळ्यांना."

"फोन नाही."

"आज? एवढ्या थंडीत?"

"ते लोक पावसात आले होते."

डॉक्टरने आजूबाजूला बघितलं. दादा खिडकीतली पुस्तकं एकेक करून टेबलावर आणून ठेवत होता. वहिनी मुलाच्या केसांतून हात फिरवत खाली बघत होती. सुताराने फीत गुंडाळून खिशात टाकली होती आणि शिकंजा जागेवर घ्यायला तो दादाची वाट बघत थांबला होता.

"आणि मुलं?" डॉक्टर शेवटचा हात मारून बघायला म्हणाला. "तुला इथे काम असणार. ही तर स्वयंपाकात. मुलांना कोण बघेल?"

"मुलांना घेऊन जा," ताई म्हणाली. "सुट्टीच आहे त्यांना. माणूस खोटं बोलला की त्याला मग काय करावं लागतं, ते त्यांना दाखव. विसरायची नाहीत."

धाकटी आत गेली. परत आली तेव्हा तिच्या एका हातात नवऱ्याचा कोट होता, आणि दुसऱ्या हातात तीन लोकरीच्या टोप्या.